साडेबाराचे झाले बारा-पाच

२००० सालच्या नोव्हेंबर महिन्यात बिली ड्रॅगोनेटी आणि तिचा नवरा गस अंगणातल्या अंजिराच्या झाडाला थंडीसाठी गोणपाट गुंडाळत होते, तेव्हा नील फार्बरचा फोन आला. नील एका जुन्या दलाली पेढीत संगणक विभागाचा प्रमुख होता. पंचवीस वर्षांपूर्वी बिलीनेच त्याला काम शिकवलं होतं. जानेवारीच्या शेवटी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले सगळे भाव अपूर्णांक सोडून डॉलर-सेंटमध्ये येणार होते. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे असत, तसे तिथे डॉलरचे आठ आणि पुढे सोळा भाग करून पिढ्यान् पिढ्या भाव बोलले जात. पेढीचा प्रोग्राम बिलीने १९७१ साली लिहिलेला, आणि तो उलगडून सांगणारं आता तिथे कुणी उरलं नव्हतं.

बिलीने आढेवेढे घेतले. गस म्हणाला, "जा बाई. तू घरी बसल्यापासून माझी हत्यारंसुद्धा वर्णानुक्रमाने लागली आहेत."

दुसऱ्या सोमवारी बिली फेरीबोटीने कामावर हजर झाली. प्रोग्राममध्ये भावाचा उल्लेख जिथे जिथे होता ती प्रत्येक ओळ तिने कागदावर छापून घेतली आणि लाल पेन्सिलीने तपासली. शेअरचे भाव दाखवणारे संगणकाचे नवे पडदे बाहेरच्या कंपनीतल्या दोघांनी बनवले होते. तेही तिच्या शेजारी बसत. तिने आणलेली बडीशेपेची बिस्किटं खाऊन दोघांचीही वजनं वाढली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी रंगीत तालीम झाली. बाजार बंद, पण सगळ्या पेढ्या खोट्या ऑर्डरी पाठवत होत्या. अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग बफेलो शहरातल्या शाखेकडून साडेबारा डॉलरची एक ऑर्डर आली आणि पडद्यावर भाव उमटला बारा डॉलर पाच सेंट. पाठोपाठ तशाच आणखी चाळीस.

नीलचा पारा चढला. चूक पडद्यांचीच, असं त्याने ठरवूनच टाकलं आणि त्या कंपनीला पाठवायचं कडक पत्र तो लिहू लागला. ते दोघे बिचारे खाली मान घालून उभे होते. बिलीने मात्र बफेलोच्या ऑर्डरी कोणकोणत्या प्रोग्राममधून येतात ते शोधायला घेतलं. तासाभराने तिला एक चिमुकला प्रोग्राम सापडला. जागा वाचवायची म्हणून तो आकड्याच्या शेवटचं शून्य गाळत होता. अपूर्णांकांच्या काळात त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता मात्र पन्नासचे पाच होत होते. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि लिहिणारीची आद्याक्षरं होती. ती वाचून बिलीचे कान तापले.

वाटलं असतं तर तिला ते शून्य गुपचूप परत बसवता आलं असतं. ती कागद घेऊन सरळ नीलच्या टेबलाशी गेली.

"पत्र राहू दे, नील. हा घोळ माझा आहे."

"तुझा? कधीचा?"

"त्र्याहत्तरचा. शुक्रवारी लिहिला आणि शनिवारी माझं लग्न होतं. तपासायला वेळ कुणाला होता?"

नीलला असं काही हसू फुटलं की चष्मा काढावा लागला. पत्र फाडून त्याने त्या दोघांची माफी मागितली. बिलीने दुरुस्ती केली, पुढच्या शनिवारी पुन्हा तालीम झाली आणि साडेबारा साडेबाराच राहिले.

एकोणतीस जानेवारीला बाजार उघडला तेव्हा सगळे श्वास रोखून बसले होते. पहिल्या तासात काहीच बिघडलं नाही. मग बफेलोच्या व्यवस्थापकाचा फोन आला, तसा नीलचा चेहरा पडला. पण त्या गृहस्थाची अडचण वेगळीच होती. पडद्यावर बारा डॉलर एकावन्न सेंट असा भाव होता, आणि तीस वर्षं पाव-अर्धा करत आल्यामुळे हा गिऱ्हाइकाला कसा सांगायचा ते त्याला सुचत नव्हतं.

बिलीने फोन घेतला. "वाणी तुला चीजचा भाव कसा सांगतो? डॉलर-सेंटमध्येच ना? तस्साच सांग," ती म्हणाली, आणि कॉफी आणायला उठली.