फाटक्या आवाजाची रेकॉर्ड

इस्पितळाच्या लॉंड्रीत त्यांना सगळेच वहिनी म्हणायचे, वयानं मोठे असलेलेसुद्धा. धुलाईच्या यंत्रांसमोर उभं राहून त्यांचा जन्म गेला होता. ओल्या चादरी उपसून खांदे उतरले होते, आणि कानांत यंत्रांची घरघर घरी आल्यावरही चालूच असायची. म्हणून घरात त्यांना फक्त शांतता हवी असे. नवरा मालमोटारीवर, आला तर आला. त्यामुळे शांततेला तोटा नव्हता. मग धाकटा दीर राहायला आला.

त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान बसलं होतं. पाठोपाठ बायको माहेरी गेली ती गेलीच. येताना त्यानं रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डांचं एक खोकं आणलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि तीच ती रेकॉर्ड लावायची, एवढाच उद्योग. वहिनी घरात शिरल्या की तो उठून ती बंद करी. दोघंही त्यावर बोलत नसत.

एका दुपारी मोठं यंत्र बंद पडलं आणि बायकांना चादरी हातानं पिळाव्या लागल्या. वहिनी घरी आल्या त्या दाराजवळच्या खुर्चीतच बसल्या. चपला काढायचंही त्राण नव्हतं. दीर उठायला लागला.

"असू द्या भाऊजी. तुम्ही तरी कशाला उठताय?"

रेकॉर्ड चालू राहिली. वहिनींनी ती पहिल्यांदाच नीट ऐकली.

"ही गिटार बिघडलीय का? आमच्या ड्रायरचं बेअरिंग गेलं की तो असाच कण्हतो."

"विजेवरची आहे ती. आवाज मुद्दामच फाटका ठेवलाय."

"आमच्याकडे फाटकं निघालं की फरशी पुसायला काढतात."

तो हसला नाही, पण कूस बदलून त्यानं त्यांच्याकडे तोंड केलं.

"आणि हा बाबा एकच ओळ दोनदा का म्हणतो?"

"रीतच आहे तशी, वहिनी. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसरीत काय ते सांगून टाकायचं."

भाषा वहिनींना कळत नव्हती. पण दुसऱ्या खेपेला आवाज जरा खाली बसतो, हे त्यांना कळलं. "सासूबाई अशाच बोलायच्या," त्या म्हणाल्या.

गाणारा थांबला, नुसती गिटार वाजू लागली.

"तिनं मला सांगितलं होतं," दीर म्हणाला. "दुकानाचा नाद सोडा, नोकरी बघा. सांगितलं होतं तिनं." मग त्यानं छताकडे पाहिलं. "मी म्हटलं, तुला जायचं तर जा."

बाजू संपली, सुई खरखरत राहिली.

"उलटी बाजू लावा," त्या म्हणाल्या.

त्यानं लावली. दुसऱ्या गाण्यातच वहिनींना झोप लागली, पिशवी मांडीवर तशीच. जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून आदळआपट ऐकू येत होती. भाऊजी भांडी घासत होते.

बायको काही परतली नाही. काही महिन्यांनी त्याला लिफ्टदुरुस्तीचं काम मिळालं, आणि तो जवळच खोली घेऊन राहू लागला. प्लेअर मात्र वहिनींकडेच राहिला. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तो एखादी रेकॉर्ड काखेत मारून येतो. गायकांची नावं वहिनींच्या अजून लक्षात राहत नाहीत. पण कुणी फारच गुळगुळीत गायला लागला, तर त्या डोळे न उघडताच म्हणतात, "याचं अजून काही गेलेलं नाही, भाऊजी. दुसरी लावा."