कुठले सहा?

आमची पलटण शांतिसेनेत लेबनॉनला गेली, तेव्हा मी सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो. गाव हरमल, तालुका पेडणे. गोव्यातले आम्ही तिथं दोघेच. दुसरा नाईक दत्ताराम गावस, डिचोली तालुक्यातल्या मयेचा. मी भरती झालो तेव्हा गोवा केंद्रशासित होता. दत्ताराम भरती झाला तो घटक राज्य झाल्यानंतर. त्यामुळे तो मला चिडवायचा, "भाऊ, तुमी दिल्लीचे, मी गोव्याचो."

तो एमटी प्लाटूनमध्ये ड्रायव्हर होता. त्याचे वडील शाणू गावस यांनी तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. दत्ताराम गाडी शिकला तो त्यांच्याच शेजारी बसून. डोंगरातली अरुंद वाट, एका बाजूला दरी, समोरून भरलेला ट्रक, अशा ठिकाणी गाडी मागं घेण्यात त्याचा हात धरणारा पलटणीत कोणी नव्हता. म्हणून वरच्या चौकीला पाणी पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. बटालियन हेडक्वार्टरपासून त्याची कंपनी बारा किलोमीटरवर. तिथून वरची चौकी आणखी सहा किलोमीटर. चौकीवर पाणी नव्हतं. एक दिवसाआड पाण्याचा टँकर वर जायचा, पुढं एस्कॉर्टची जीप.

या सहा किलोमीटरमधले दोन किलोमीटर उघड्यावर होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर आपसात लढणारे दोन पक्ष बसलेले. आम्ही कोणाच्याच बाजूचे नव्हतो. पण तोफगोळा पडताना बाजू विचारत नाही. म्हणून शांतिसेनेचं सेक्टर हेडक्वार्टर दोन्ही पक्षांना आधी कळवायचं: अमुक ते अमुक वेळेत आमची गाडी जाईल, तेवढा वेळ गोळीबार थांबवा. ते बहुतेक वेळा थांबवायचे. ही वेळ आमच्याकडं आदल्या संध्याकाळी लेखी यायची. ती उतरवून रेडिओवरून कंपनीला सांगणं हे माझं काम.

दिवस ठरलेला असायचा. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सातला न्याहारी, आठला रेडिओ चेक. सिग्नल सेंटरच्या भिंतीवर तीन घड्याळं होती. एक तिथल्या वेळेचं, एक ग्रीनिचचं, एक भारताचं. लष्करी संदेशात वेळेच्या पुढं एक इंग्रजी अक्षर लिहितात. कुठल्या घड्याळाची वेळ आहे ते त्यावरून कळतं. ग्रीनिचला झेड. लेबनॉनच्या हिवाळी वेळेला बी. त्या देशात मार्चच्या शेवटी सगळी घड्याळं एक तास पुढं करतात, उन्हाचा जास्त उपयोग व्हावा म्हणून. मग तीच वेळ सी होते. आम्ही गेलो हिवाळ्याच्या तोंडावर. पुढचे चार-पाच महिने प्रत्येक संदेशात बी असायचा. इतका, की पुढं पुढं मी तो वाचेनासा झालो.

घड्याळ पुढं करायचा हुकूम आला तेव्हा दत्ताराम डाक न्यायला हेडक्वार्टरला आला होता. मी त्याला समजावून सांगितलं. तो हसला.

"सरकारान सांगल्यार सूर्य आयकता?"

"सूर्य नाही, कुकहाऊस ऐकतं. चहा एक तास आधी."

"आणि मयें?"

"मयेत काही बदलत नाही. आतापर्यंत साडेतीन तास पुढं होतं, आता अडीच."

त्यानं बोटांवर हिशेब केला. दर रविवारी सिग्नल सेंटरमधून त्याचा घरी फोन असायचा, पाच मिनिटांचा. त्याची बायको सुमन मयेतल्या दुकानातल्या फोनपाशी अकरा वाजता येऊन बसायची. आमच्याकडं तेव्हा साडेसात वाजलेले असत. आता साडेआठ वाजणार होते. त्या रविवारी माझ्यासमोरच त्यानं तिला फोनवर सांगितलं, "फुडल्या आयताराक हांगाचां घड्याळ बदलतलां. तू मात इकरांकच यो. हांगाचां माझां मी बघतंय." तिनं अकरालाच यायचं, इथला बदल तो सांभाळणार होता.

तो पुढचा रविवार उद्यावर आला. घड्याळं शनिवारी मध्यरात्री पुढं करायची होती. त्यासाठी उठायला नको म्हणून मी संध्याकाळीच स्टुलावर चढून स्थानिक वेळेचं घड्याळ पुढं केलं. साडेसहाचे साडेसात झाले. मी स्टुलावरून उतरतो तोच सेक्टरचा संदेश आला. उद्या पाण्याच्या गाडीला रस्ता मोकळा, 0600B ते 0700B. पाठवणाऱ्यानं जुन्या वेळेत लिहिलं होतं आणि तसं स्पष्ट अक्षरही घातलं होतं. मी रजिस्टरमध्ये उतरवलं, सहा ते सात. अक्षर गाळलं.

कंपनीला रेडिओवर बोलावलं. त्यांचा ऑपरेटर जेवायला गेला होता. सेटवर दत्ताराम आला. सकाळच्या गाड्यांचा कमांडर तोच होता. मी वेळ सांगितली. त्यानं नियमाप्रमाणं परत म्हणून दाखवली. मी "ओके, आउट" म्हणणार तेवढ्यात तो आपल्या भाषेत बोलला. रेडिओवर फक्त हिंदी किंवा इंग्रजी बोलायची परवानगी होती.

"भाऊ, सा म्हणजे खंयचे सा? आजच्या घड्याळाचे काय फाल्याच्या?"

कागद माझ्या हातात होता. खाली मान घालून एक अक्षर वाचायचं होतं. मी नुकतंच फिरवलेल्या घड्याळाकडं पाहिलं.

"फाल्याच्या. नव्या घड्याळाप्रमाणं. बिनघोर जा."

"बरां तर. आउट."

रविवारी नव्या वेळेप्रमाणं बरोबर सहाला गाड्या निघाल्या. डोंगरावरच्या लोकांच्या लेखी रस्ता मोकळा व्हायला अजून एक तास होता. 0622 ला रेडिओवर एस्कॉर्टचा आवाज आला. "कॉन्टॅक्ट. मॉर्टर फायर. रस्त्यावर." कोण बोलतंय म्हणून मी कॉल साइन विचारला. उत्तर आलं नाही. अ‍ॅडज्युटंटसाहेब धावत आले. मला म्हणाले, "सेक्टर को बोलो, फायर रुकवाओ." मी सेक्टरला बोललो. तिकडचा ऑपरेटर म्हणाला, तुमची गाडी एवढ्यात रस्त्यावर कशी? तुमची वेळ तर अजून व्हायची आहे.

तेव्हा मी कागद पाहिला.

0631 ला पुन्हा आवाज आला. "जीप सेफ. टँकर हिट. एक घायल. एक..." पुढचा शब्द त्या जवानानं उच्चारला नाही. मी लॉगमध्ये वेळ लिहिली. आकडे नेहमीसारखेच स्वच्छ आले. याचं मला आजही नवल वाटतं.

काय झालं ते टँकरमधल्या दुसऱ्या जवानानं नंतर सांगितलं. तो सातारचा. पायाला मार लागला, पण वाचला. पहिला गोळा जीपच्या पुढं पडला. जीपला मागं फिरायचं होतं, पण रस्ता अरुंद, आणि मागं टँकर उभा. दत्तारामनं त्याला सांगितलं, "उतर, नाल्यात जा." स्वतः उतरला नाही. भरलेला टँकर त्यानं दीडशे मीटर मागं घेतला, रस्ता रुंद होतो तिथपर्यंत, आणि डोंगराच्या अंगाला दाबून लावला. जीप शेजारून निघून गेली. जीपमध्ये चौघे होते. तेवढ्यात दुसरा गोळा केबिनच्या बाजूला पडला.

अ‍ॅडज्युटंटसाहेबांनी माझ्याकडून संदेश मागून घेतला. बराच वेळ पाहिला.

"परब, ये बी है ना?"

"है, साब."

त्यांनी कागद घडी घालून फायलीत ठेवला.

साडेआठ वाजले तेव्हा मी सेटवरच होतो. मयेत अकरा. त्या क्षणी सुमन फोनपाशी बसली असणार हे मला माहीत होतं. फोन माझ्यापासून चार पावलांवर होता. पण मृत्यूची बातमी ठरलेल्या मार्गानंच जाते. शिपायानं फोन करून सांगायची ती गोष्ट नव्हे. मी उचलला नाही. हुकुमाप्रमाणं ते बरोबरच होतं.

पंधरा दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कागदावरचं अक्षर गाळलं हे मी कबूल केलं. कागद समोर होता, कबूल करण्यावाचून मार्ग नव्हता. मग पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारलं, "गाडीच्या कमांडरनं वेळेबद्दल काही शंका विचारली होती का?"

ते बोलणं लॉगमध्ये नव्हतं. आपल्या भाषेतलं होतं, म्हणून मी लिहिलं नव्हतं. ऐकणारे दोनच. त्यातला एक मयेला शवपेटीतून गेला होता. त्यानं विचारलं आणि मी कागद न पाहता उत्तर दिलं, असं सांगितलं असतं तर चूक चूक राहिली नसती, गुन्हा झाला असता. मला बायको होती, दोन मुली होत्या, पुढच्या वर्षी बढती होती.

मी म्हणालो, "नो सर."

निष्कर्ष आला. संदेश उतरवताना त्रुटी राहिली, हवालदार परब यांना समज. आणि खाली एक ओळ: वेळ बदलण्याच्या दिवशी गाडीच्या कमांडरनं वेळेची खातरजमा करायला हवी होती, ती केली नाही.

ती ओळ मी वाचली. तेव्हाही गप्प राहिलो.

पुढं नायब सुभेदार झालो, सुभेदार झालो, निवृत्त होऊन हरमलला आलो. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मार्चच्या शेवटी कोणी ना कोणी परदेशी पाहुणा नाश्त्याला बसलेला असताना म्हणतो, आज आमच्याकडं घड्याळ बदललं. मी चहा ठेवतो आणि मागच्या दारी जातो. हरमलहून मये स्कूटरनं दीड तास. दत्ताराम गेल्यापासून अकरा वर्षं मी गेलो नाही. शेवटी एकदा बायकोच म्हणाली, "जाऊन येयात. नाय तर माका तरी सांगात, काय तां." तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निघालो.

तळ्याच्या वरच्या अंगाला घर. सुमननं मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं. दत्ताराम फोनवर माझ्याबद्दल बोलायचा. तिनं पाणी दिलं, चहा ठेवू लागली. मी म्हणालो, आधी ऐका. उभ्यानंच सगळं सांगितलं. संदेश, अक्षर, त्याचा प्रश्न, माझं उत्तर, इन्क्वायरीतले दोन शब्द.

मग सुमन म्हणाली, "त्या दिसा मी दुकानार दोन वाजतासर बसल्लें. म्हटलें, घड्याळाचो घोळ जालो आसतलो. एक तास, दोन तास. घोळूच तो."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मामांक सांगूंक जाय आशिल्लें तुमी," ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, शाणू गावस; त्यांना मी हे सांगायला हवं होतं.

"ते घरात आहेत?"

"दोन वर्सां जालीं तांकां वचून."

मामा वारले होते. मग तिनं सांगितलं. पलटणीतून सांत्वनाला आलेल्या साहेबांनी मनात काही वाईट नसताना बोलता बोलता सांगितलं होतं, की वेळ नीट विचारून घेतली असती तर वाचला असता. शाणूमामांनी ते मनात धरलं. जो येईल त्याला म्हणायचे, मुलाला गाडी शिकवली, पण विचारून गाडी काढायला शिकवलं नाही, चूक माझी. खाणीवरचे जुने ड्रायव्हर भेटायला आले की खाली बघून बसायचे. शेवटच्या आजारातही तेच. नऊ वर्षं.

"तो विचारी," सुमन म्हणाली. "सगळें विचारी. बाजारांत गेलो तरी दोनदां विचारी. हांव मामांक सांगतालें. पूण साहेबान वेगळें सांगिल्लें."

तिनं मला माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. चहा दिला. निघताना म्हणाली, "हें बरोवन दियात. सगळ्यांक कळूं दी."

तिच्या सांगण्याप्रमाणं मी रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, प्रकरण बंद झालेलं आहे. पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर आलं नाही.

मग त्याच्या स्मृतिदिनी मयेतल्या शाळेत गेलो. तिथं दत्तारामचा फोटो लावलेला आहे. दरवर्षी त्या दिवशी हार घालतात. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भाषण मला येत नाही. रिपोर्ट देतात तसं बोललो. नाईक दत्ताराम शाणू गावस. आदल्या संध्याकाळी रेडिओवर त्यानं वेळेची खातरजमा केली होती. चुकीची वेळ मी दिली. सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी गोळीबार सुरू झाल्यावर त्यानं सोबत्याला उतरवलं, भरलेली गाडी मागं घेतली आणि जीपला वाट दिली. पाच जण जिवंत घरी गेले.

सुमन दुसऱ्या रांगेत बसली होती. मागच्या बाकांवर खाणीवरचे काही म्हातारे ड्रायव्हर आले होते. मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यातला एक उठून उभा राहिला, मग बाकीचेही उभे राहिले. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं, ते शाणूमामा तेवढे तिथं नव्हते.