गादी आणि सतार

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत अमरावतीत ज्याला त्याला काहीतरी नवे सुचत होते. मला सतार सुचली. अकोल्याच्या एका उस्तादांनी आपली जुनी सतार माझ्या हाती दिली, तिच्यावर एक गत, म्हणजे छोटी बंदिश, शिकवली आणि अट घातली, "महिन्याने येईन. ही एक गत न अडखळता वाजली तर सतार तुमची. नाही तर परत नेईन."

सतारीवर माझा जीव जडला होता. मी रोज सुरुवातीपासून, रोज घाईने वाजवायचो आणि रोज एकाच जागी तोंडघशी पडायचो. भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचे दुकान होते. मी चुकलो की त्याच्या पिंजणाची टुंग-टुंगही थांबे. एकदा मी वैतागून ओरडलो, "कावून थांबून राहिला बे?"

"तुमी त्याच जागी चुकता मालक, मंग माहा हात अडकते. तेवढंच वाजवा ना, हळू, माह्या टुंगीवर."

राग आला, पण पटले. मग रोज सकाळी एका गादीचा कापूस पिंजून होईपर्यंत मी तेवढेच चार सूर त्याच्या चालीने घोटू लागलो. हात सुधारला. नेमका तेव्हाच भाव इतका चढला की लोक गाद्या उसवून कापूस बाजारात नेऊ लागले. पिंजारी रिकामा बसला. मग मी आमचीच गादी त्याला दिली. रोज तीच पिंजायची. आठ दिवसांत तिचा पार भुगा झाला.

"अवो, जमिनीवर झोपून माही पाठ गेली!" बायको कडाडली. मी ऐकले नाही.

उस्ताद आले त्या दिवशी पिंजारी काम शोधायला अंजनगावला गेला होता. मी गत सुरू केली. त्या जागेशी बोटे थबकली, टुंगीची वाट बघत. सतार गेलीच, असे वाटले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात परातीवर कालथा वाजला. टुंग! पुन्हा टुंग! चाल अगदी तीच होती. माझी बोटे तिच्या मागोमाग निघाली आणि गत पार पडली. महिनाभर बायको सगळे ऐकत होती, हे मला तेव्हा कळले. मला भरून आले.

उस्ताद स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, "सतार राहील. पण उद्यापासून शिकायला त्यांना बसवा."

आतून उत्तर आले, "बसतो जी. पयले माही गादी भरून द्या म्हना."