पावट्याचं मडकं

आधीच सांगून ठेवते, हसू आलं तर हसा, पण आवाज करू नका. गोष्ट मयताची आहे. आणि घोळ घातला तो मी! दुसऱ्या कुणी घातला असता तर कधीच गावभर करून मोकळी झाले असते.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर वारल्या. घर-शेत बेळगुंदीत. आम्ही नवराबायको राहतो शहरात, अनगोळला, मी शाळेत क्लार्क. म्हणजे आत्तींच्या हिशेबी बिनकामाची. "हिला वाटतंय, पावटा पाकिटात उगवतोय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

त्यांचं म्हणाल तर मीठ आणि काडेपेटी सोडून दुकानातनं काही येत नसे. आमसुलं घरची, सांडगे घरचे, आणि पावट्याचं बी तर त्यांच्या सासूच्या हातचं. दर वर्षी ते राखेत कालवून मडक्यात भरायचं, म्हणजे कीड लागत नाही. तोंडाला पांढरं फडकं बांधायचं आणि मडकं गोठ्याच्या वळचणीला टांगायचं.

शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाल्या, "बाकी कायबी कर गं, पण तेवढं बी सांभाळ. गेलं तर परत मिळायचं न्हाय."

"सांभाळते, आत्ती."

कसं सांभाळलं, ऐका.

तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी सावडून आली. अस्थी मडक्यात, तोंडाला पांढरं फडकं, आणि मडकं परड्यातल्या फणसाला टांगलेलं. सकाळी खानापूरला जाऊन मलप्रभेत सोडायच्या होत्या. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली. माझा जीव गलबलला. जन्मभर दुसऱ्यांची वाळवणंसुद्धा धावत जाऊन पावसातनं आत घेणारी बाई, आणि आता तिलाच भिजवायचं? मडकं काढलं आणि वळचणीला टांगलं. पावट्याच्या शेजारी.

आलं ना ध्यानात?

सकाळी नदीवर सगळे हात जोडून उभे. आमच्या ह्यांनी फडकं सोडलं, मडकं कलतं केलं. आधी राख पडली. आणि मग टप, टप, टप... पावटे!

भटजींचा मंत्र घशातच राहिला. "हे काय, आक्का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं बोलायला तोंड उघडलं होतं हो मी! पण बाहेर पडलं ते असं, "आत्तींना पावटा लई आवडायचा, म्हणून घातला जरा."

माझी नणंद सुमन गळ्यातच पडली. "वैनी, मी पोटची लेक, पन मला सुचलं न्हाय गं!"

दुसऱ्या दिवशी शाळेत काम आहे म्हणून निघाले आणि खरं मडकं स्कूटरवर पायाशी धरून एकटीच खानापूर गाठलं. खड्डा आला की म्हणायची, "सांभाळा, आत्ती." अस्थी सोडल्या, पोटभर रडले. काठाच्या चिखलात काही पावटे अडकले होते. वेचून रुमालात बांधले.

इकडं सुमननं वार्ता भाऊकीत पोचवली होती. एक काकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आमच्या सासऱ्यांच्या मडक्यात मग तंबाखू घालाय पायजे होती गं! राहूनच गेली."

दहाव्याला सुमननं मुद्दाम पावट्याची उसळ केली. ओढ्याकाठी पान वाढलं. कावळा आंब्यावर बसलेला, पण खाली येईना.

हे वडलांकडं बघत म्हणाले, "आई, आप्पांना सांभाळतो." कावळा जागचा हलला नाही.

सुमन म्हणाली, "आई, म्हस विकणार न्हाय आमी." कावळ्यानं मान खाजवली.

अर्धा तास झाला. ऊन चढलं. मला आतनं कळत होतं, आत्ती कशासाठी अडल्यात. बी! मी पुढं झाले, हात जोडले आणि सगळ्या भाऊकीसमोर हंबरडा फोडला, "आत्ती, चुकलं माझं! त्या मडक्यात तुम्ही नव्हता, बियाणं होतं! तुम्हाला मी मागनं स्कूटरवरनं नेलं!"

सुमनचा पदर तोंडाशी तसाच राहिला.

आणि कावळा? त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही!

मग माझे सासरे, मामा, सावकाश उठले. "सुमन, ती उसळ काढ पानावरनं."

"आप्पा, आईला आवडायचा न्हवं पावटा?"

"कोण म्हणलं? जन्मभर पिकवला तिनं, पन एक घास खाल्ला न्हाय. वात धरायचा तिला."

उसळ उचलली आणि सुमनचा हात बाजूला व्हायच्या आत कावळा पानावर. म्हणजे माझी कबुली गेली फुकट!

घरी येऊन मी रुमाल मामांच्या पुढं सोडला. ओल्या पावट्यांना मोड आले होते. मामा उठले. खुरपं घेऊन परड्यात गेले आणि एकेक दाणा टोकला. मी पाणी घातलं.

वेल मांडवभर झाला. पुढच्या हंगामापुरतं बी निघालं. मी स्वतः राखेत कालवलं, फडकं बांधलं आणि मडक्यावर खडूनं ठळक लिहिलं, 'पावटा'.

मामांनी वाचलं. खडू मागून घेतला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'सुनेनं हात लावू नये.'