काटे उजवीकडे घेतले

मीटरवाल्याला गाडी चालवता येत नव्हती. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण खरंच होतं ते. जन्म गेला लोकांच्या गाड्यांचे डॅशबोर्ड बनवण्यात. कुणाला जुन्या गाडीत नवी मीटरं हवीत, कुणाला लाकडी पट्टी, कुणाला विमानात बसल्याचा थाट. सगळे त्याच्याकडेच यायचे. पण स्टिअरिंग हातात आलं की त्याचे हातपाय गळायचे. तयार गाडी गॅरेजबाहेर काढायची ती त्याची बायको. ती टॅक्सी चालवायची. "तुम्ही काटे हलवा, चाकं मी हलवते," असं गिऱ्हाइकासमोर म्हणायची आणि तो खुशाल हसायचा.

टॅक्सी सोडल्यावर तिला स्वतःची गाडी हवी होती. भंगारातून एक गोल बॉनेटची जुनी गाडी उचलली. त्याने पत्रा ठोकला, इंजिन खोललं. सीटा तिने शिवल्या. डॅशबोर्ड तेवढा राहिला होता. घरचंच काम, त्यामुळे आज नको उद्या चाललं होतं.

अशात एका सकाळी ती कपात चहा ओतत होती. चहा कपाच्या बाहेर पडत होता आणि ती ओततच होती.

"अगं, सांडतोय!"

"कुठे सांडतोय?" ती म्हणाली.

इस्पितळातून ती चालत घरी आली. हात धड, पाय धड, बोलणंही खणखणीत. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, त्यात डावीकडचं बघणारा भाग गेलाय. दोन्ही डोळ्यांना आता उजवं अर्धंच दिसेल."

"परत येईल ना?"

"त्यांना हळूहळू सवय होईल," बाई म्हणाल्या. त्या उत्तरात काय होतं ते त्याला कळलं, पण त्याने कळू दिलं नाही. स्वतःलासुद्धा.

घरात ती डाव्या खांद्याने चौकटींना धडकायची. ताटातलं अर्धं जेवण तसंच राहायचं आणि वर म्हणायची, आज एवढंच वाढलंत? मग तिने बाहेर पडणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा तो जवळ जाऊन बसला तर म्हणाली, "मला पण भंगारात देऊन टाका." ती चेष्टा करत नव्हती.

त्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला. मीटरं उजवीकडे सरकवायची. काटे दिसले की ती चालवेल, चालवायला लागली की पहिल्यासारखी होईल. याच्या पुढचा विचार त्याने केलाच नाही.

तिला खुर्चीवर बसवलं, हातात एक सुटं स्टिअरिंग दिलं आणि समोर मीटर धरलं.

"सरळ बघ. दिसतंय?"

"नाही."

मीटर थोडं उजवीकडे नेलं. "आता?"

"काठ दिसतोय."

"आता?"

"दिसतंय हो." मग हळूच म्हणाली, "तुमचं तोंड नाही दिसत."

तो खुर्चीच्या उजव्या बाजूला आला, मीटर जिथे दिसलं तिथलं माप घेतलं, आणि लगेच गॅरेजकडे पळाला. तिच्यासमोर त्याला रडायचं नव्हतं.

पुठ्ठ्याचा नमुना कापून तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवला. वेग, तेलाचा दाब, पाणी, पेट्रोल. सगळी मीटरं उजव्या टोकाला दाटीवाटीने. तिथे जागाच नव्हती. दोन भोकांमधली पट्टी इतकी बारीक राहिली की कानस फिरवता फिरवता ती फाटली. आयुष्यात कुणा गिऱ्हाइकाच्या पत्र्याला त्याने असं केलं नव्हतं. फाटका पत्रा त्याने भिंतीवर भिरकावला, मग स्वतःच उचलून आणला आणि खालीच बसला.

तेवढ्यात लेक आली. आईला बघायला आली होती, ती बापाला शोधत गॅरेजात शिरली.

"बाबा, बास करा. तिला लायसन कोण देणार आहे आता?"

"रस्त्यावर नाही. इथल्या इथे, आवारात."

"आणि मग?"

"मग बघू."

"तिला आशा लावताय तुम्ही. ती तुटेल तेव्हा सावरायचं कुणी?"

तो उठला. दुसरा पत्रा घेतला, मीटरं थोडी वरखाली बसवून जागा काढली. भोकांच्या कडा कानशीने घासून, बोट फिरवून बघत गुळगुळीत केल्या, काळा रंग दिला. एकेक मीटर समोरून सरकवून मागून पट्टीने आवळलं, तारा रबरी कड्यातून ओवल्या. पॅनेल डॅशबोर्डात बसवताना शेवटचा स्क्रू हातातून तीनदा पडला.

बायको आली. स्टिअरिंगमागे बसली आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली. चावी फिरवताच काटे उभे राहिले.

"सगळे दिसतात," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता. लेकीनेही डोळे पुसले.

गाडी सुरेख निघाली. आवारातून अर्धी फेरी झाली. डाव्या हाताला तेलाचं रिकामं पिंप उभं होतं, भलं मोठं, लाल. लेक ओरडली. गाडी तशीच सरळ जाऊन पिंपावर आदळली.

कुणाला लागलं नाही. तिने इंजिन बंद केलं.

"काय होतं?"

"पिंप," तो म्हणाला.

तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "अहो, काटे दिसतात. रस्ता नाही दिसत. पिंपाच्या जागी आपली पोर असती तर?"

तो दार धरून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला, लेकीसमोर, तिच्यासमोर. सगळं आवरून झाल्यावर माणूस रडतो तसं. तिने त्याला थांबवलं नाही. मग चावी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"मला घरात नका कोंडू. तुम्ही शिका."

"मला नाही जमणार गं."

"मला तरी कुठे जमतंय हे?"

शिकला तो. वाईट शिकला. मीटरं नको तिथे असल्यामुळे नजर घसरायची, गिअर खरखरायचा. ती शेजारी मान वळवून बसायची आणि आवाजावरून सांगायची, "इंजिन रडतंय, खालचा टाका." काही दिवस बरे जात. काही दिवस ती मध्येच गप्प व्हायची, आणि त्याला कळायचं की ती आतल्या आत स्वतः चालवतेय.

एका दुपारी उतारावर तिला असह्य झालं. "थांबवा," म्हणाली. त्याने गाडी कडेला घेतली. ती तोंडावर पदर घेऊन रडली, शेजारून गाड्या सुसाट जात राहिल्या. तो तिच्या उजव्या हाताशी, तिला दिसेल असा बसून होता.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"चला. आणि आधी मागे बघा, मग निघा."