पेशंट स्टुलावर, पावणं खाटेवर

माझे सासरे दादासो कांबळे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कबनूरला तीस वर्षं कापडाचा माग चालवला, आता कळंब्यात आमच्याकडं असतात आणि घरातली बटणं बंद करत फिरतात. गेल्या महिन्यात लाईट बिल तेवीसशेवर गेलं तेव्हापासून तर त्यांनी घरात दहशतच बसवली आहे. मी भाजी फोडणीला टाकतेय आणि डोक्यावरचा दिवा गेला, असं दोनदा झालं. "ऊन हाय की भाईर, खिडकी उघड," हे वर.

असा माणूस हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेला, तर तिथंही शेजारच्या पेशंटचा पंखा बंद करून आला. मी मात्र विम्याच्या पॉलिसीचे कागद घेऊन बसले होते. खोलीभाड्याची मर्यादा, अमुक आजाराला दोन वर्षांची वाट, तमुक खर्च वगळून. चारदा वाचलं, सगळं डोक्यावरून गेलं. एवढंच कळलं, की कंपनीचा माणूस येऊन पेशंट बघणार, मगच मंजुरी. ती नाही मिळाली तर माझ्या मुलीच्या, शिवानीच्या, नर्सिंगच्या फीची ठेव मोडायची. त्या विचारानं माझी झोपच उडाली होती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले. वर आले तर मामा पोटाला हात लावून स्टुलावर बसलेले, आणि खाटेवर पांघरूण घेऊन गणपतराव घोरतायत! मामांचे मागावरचे जुने जोडीदार. गगनबावड्याहून दोन एसट्या बदलून बघायला आले होते.

"पाय सुजल्यात त्येचं," मामा म्हणाले. "पावण्याला स्टुलावर बसवून मी लोळू व्हय?"

"आणि कंपनीचा माणूस आला म्हणजे?"

"आलता की. तू खाली गेलतीस तवा."

मग सगळा प्रकार कळला. मामा पाहुण्याला चहा सांगायला हळूहळू व्हरांड्यात गेले होते. तेवढ्यात कंपनीच्या साहेबानं येऊन गणपतरावांना उठवून टाके दाखवा म्हटलं. त्यांनी शर्ट वर करून धडधाकट पोट दाखवलं. "कसलं टाकं? मी चहाची वाट बघतोय." साहेबानं फोटो काढला, कागदावर 'पेशंट नाही' असा शेरा मारला आणि निघाला. वाटेत मामांनी, हा कोण हे न विचारताच, त्यालाही चहाचा आग्रह केला होता!

मी भरल्या वॉर्डात मामांवर ओरडले. नातीची फी पणाला लावून कसला पाहुणचार?  मामा गुमान खाटेवर जाऊन पडले. गणपतराव चहा न पिताच निघून गेले.

संध्याकाळभर फोन करकरून मी त्या साहेबांना परत यायला राजी केलं. धैर्यशील त्यांचं नाव. लिफ्ट बंद, चार जिने चढून दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन आले. मामांना मी बजावून ठेवलं होतं, इंचभर हलायचं नाही.

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. एक हात पोटावर धरला, दात आवळून उठले आणि चादर झटकली.

"पावणं, दमलासा. बसा की हिथं."

"मामा!" मी किंचाळलेच.

धैर्यशील जागीच थांबले. मामांच्या पट्टीकडं बघितलं, रिकाम्या खाटेकडं बघितलं. मग पुढं होऊन मामांना धरून झोपवलं. "कालचे ते पाहुणे होते तर," एवढंच म्हणाले, आणि शेऱ्यावर काट मारली.

मंजुरीचा मेसेज आला तेव्हा मला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. लगेच गणपतरावांना फोन लावला. "चुकलं माझं. रविवारी जेवायला या."

"येतो की," ते म्हणाले. "पर दादूला म्हणावं, मी आल्यावर उठायचं न्हाय. टाकं वलं हायत अजून."