चार दहांत न मावलेला नंबर

चेंदणी कोळीवाड्यात बातमी अशी होती, की सगुणानं साहेबासमोर कंपनीची लेबलं टराटरा फाडली आणि वर त्याला कॉम्प्युटर शिकवून आली. साफ खोटं. सगुणा जुन्या कॅलेंडरचं पानसुद्धा फाडत नाही, घडी घालून ठेवते. तिनं दहा लेबलं ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला, एवढंच.

साल सत्याऐंशी. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कंपनीत सगुणा टायपिस्ट म्हणून लागलेली, आणि सहा वर्षं टेम्पररीच. दर सहा महिन्यांनी ब्रेक, परत नवा अर्ज. या खेपेला मात्र पर्मनंटचा कागद सुधीरसाहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता, सही तेवढी बाकी. आणि नेमकी तेव्हाच साहेबांच्या प्रोग्रॅममध्ये चूक दिसायची होती.

रंगाच्या पिंपांची लेबलं छापायचा हा प्रोग्रॅम एपीएल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला. कीबोर्डच्या कळांवर चिन्हांचे स्टिकर, ती चिन्हं सगुणा बघूनबघूनच शिकली. त्यातलं एक इंग्रजी टीसारखं. त्याच्या डावीकडे चार वेळा दहा लिहायचं, उजवीकडे ४७२६, की मशीन ४ ७ २ ६ असे आकडे सुटे करून देतं. एक नंबर द्या नाहीतर हजार नंबरांची यादी, ओळ तीच. सुट्या आकड्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा आकडा लेबलावर पिंपाच्या नंबरापुढे छापायचा. डोंबिवलीच्या गोडाउनात वॉचमन तीच बेरीज हातानं करून बघायचा. नाही जुळली, तर पिंप परत.

त्या दिवशी पिंपांचे नंबर ९९९९ ओलांडून गेले. १०००० च्या लेबलावर पुढे शून्य छापून आलं. एक आणि चार शून्यं, बेरीज एक. सगुणानं तरी दोनदा केली. मग पुढची नऊ लेबलंही तपासली. सगळ्यांची बेरीज एकानं कमी. ड्रॉवर लावून ती केबिनमध्ये गेली.

"लुक, सगुणा," साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मशीन चुकलं असतं ना, तर एरर आली असती. आलीय?"

"नाही साहेब."

"देन?"

"डावीकडे दहा किती वेळा लिहिलाय?"

"चार."

"आणि नंबर किती आकडी झाला?"

साहेबांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. मशीननं पहिला आकडा गुपचूप सोडून दिला होता.

"बरं, पाचवा दहा टाक."

"तुम्हीच टाका साहेब. प्रोग्रॅमवर नाव तुमचं आहे."

साहेबांनी टाकला. १ ० ० ० ० आले. सगुणा जागेवर येऊन दहा लेबलं नव्यानं छापत बसली.

घरी तिच्या आयनं, जनीनं, कपाळाला हात लावला. "साहेबाला चूक दावतंय! गेली गो तुझी नोकरी."

भाचा चंदू, म्हणजेच हे लिहिणारा, आजीच्या बाजूचा. "मावशे, तो काय सही करत नाय आता. लाव पैज."

"हरलास तर माझ्या वाटचा जवळा तू निवडायचास. बाहेर ओट्यावर बसून."

"मंजूर."

सोमवारी अकराच्या आत सही झाली. कागद देताना साहेब म्हणाले, "सहा आकडी नंबर आले की आधी तू बघ, मग मला सांग."

चंदूनं दोन टोपल्या जवळा निवडला, येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगत.